डबा, मॅप आणि भुईबावडा

तर झालं असं की, २०२४ च्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी आईचा फोन आला. 'कसा आहेस, जेवलास का' वगैरे काही नाही. पहिलंच वाक्य, "तुझ्या बाबांनी गाडी विकूक काढल्यानी हा."

आमच्या घरात ही साधी बातमी नाही. बाबा एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी घेतली आणि ती आजही लग्नातल्या घोड्यासारखी पुसून ठेवतात. आमची वाडी मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या अलीकडे. तिथे गाडी असणं ही चैन नाही. आईच्या डोळ्यांना मधुमेहामुळे इंजेक्शन्स घ्यावी लागतात, त्यासाठी दर दीड-दोन महिन्यांनी कोल्हापूरला जायचं. डोळ्याला पट्टी बांधून कोल्हापूर ते आचरा एसटी बदलत यायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. थोडक्यात, बाबांनी गाडी सोडली की आईचा डोळा अडतो.

खोदून विचारल्यावर प्रकरण कळलं. जानेवारीपासून करूळ घाट काँक्रीटीकरणासाठी बंद होता, त्यामुळे छोट्या गाड्या भुईबावडा घाटातून जात होत्या. भुईबावडा म्हणजे अरुंद, आणि वळणं अशी की स्वतःच्याच गाडीची मागची नंबर प्लेट दिसावी. अशाच एका चढत्या वळणावर बाबांनी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घातली, गाडी दबली, इंजिन बंद पडलं आणि गाडी दोन-तीन फूट मागे आली. मागे एक पिकअप होता. हँडब्रेक वेळेवर लागला म्हणून काही झालं नाही. पण घरी आल्यावर बाबांनी किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "माझे पाय आता मंद झाले."

मी सॉफ्टवेअरवाला. घरातला माणूस हताश झाला की आपण काय करतो? ब्राउझरमध्ये अकरा टॅब उघडतो :-)

माझं निदान दोन तासांत तयार होतं : बाबांचे पाय मंद नाहीत, गाडी मंद आहे. आणि गाडी मंद असेल तर ती ट्यून करता येते. (खरं कारण नंतर सांगतो. ते थोडं लाजिरवाणं आहे.)

इंजिनाची ओळख

गाडीचं नाव सांगत नाही, कारण त्याने फरक पडत नाही. १२४८ सीसीचं फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल आपल्याकडे इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायला लागले. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिआ... यातली कुठलीही समजा. २०१२ साली मारुतीने फियाटच्या पुण्याजवळच्या रांजणगाव कारखान्यातून वर्षाला एक लाख इंजिनं घ्यायचा करार केला होता, म्हणजे आमचं इंजिन कदाचित माझ्या फ्लॅटपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर जन्मलेलं असू शकतं. २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेलच बंद केलं. पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर धावतायत.

या इंजिनाच्या दोन मुख्य आवृत्त्या होत्या. साधी ७५ पीएसची, जिचा १९० न्यूटन-मीटरचा टॉर्क साधारण २००० आरपीएमला पूर्ण मिळतो. आणि ९० पीएसच्या आसपासची, जिचा २०० न्यूटन-मीटर टॉर्क १७५० लाच मिळतो. फरक मुख्यतः टर्बोमध्ये. टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेले दोन पंखे : एक धुराने फिरतो, दुसरा त्याच्या जोरावर इंजिनात हवा कोंबतो. मोठ्या आवृत्तीत धुराच्या वाटेवर हलणारी पाती असतात. धूर कमी असला की ती वाट अरुंद करतात, म्हणजे पंखा लवकर वेग घेतो. (नळाच्या पाइपवर अंगठा ठेवून पाणी लांब उडवतो ना, तेच.) साध्या आवृत्तीत अंगठा नाही. धूर पुरेसा होईपर्यंत थांबा. आमची गाडी साधी.

म्हणजे १५०० आरपीएमच्या खाली ती निव्वळ सव्वा लिटरचं, टर्बो नसल्यासारखं डिझेल असते, आणि २००० ला कोणीतरी मागून ढकलल्यासारखी पळते. आता हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते तेव्हा वाचलं होतं, पण लक्षात ठेवलं नव्हतं.

तीन पर्याय

पहिला पर्याय, ट्यूनिंग बॉक्स. बोलीभाषेत डबा. कॉमन रेल डिझेलमध्ये एका जाड नळीत (रेलमध्ये) डिझेल प्रचंड दाबाने भरून ठेवलेलं असतं, या पिढीच्या इंजिनात १६०० बारच्या घरात. तो दाब एक सेन्सर मोजतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो. डबा या सेन्सरच्या आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि सेन्सरपेक्षा कमी आकडा पुढे पाठवतो. ईसीयूला वाटतं दाब कमी पडला, तो वाढवतो. दाब वाढला की इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सोडतो, आणि ताकद वाढते. बसवायला वीस मिनिटं, काढायला दहा. किंमत मला पंधरा-वीस हजार सांगितली गेली.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा प्रॉडक्शनमध्ये बसवलेला मॉक आहे. ईसीयूचं एकही कलम बदललेलं नाही, फक्त त्याच्याशी खोटं बोलणारा एक मध्यस्थ नेमलाय. ईसीयू पुढची सगळी गणितं या खोट्या आकड्यावर करतो. 'मल्टिजेट' या नावातच आहे की एका फेरीत डिझेल एकदा न सोडता हप्त्याहप्त्याने सोडलं जातं : आधी थेंबभर, मग मुख्य. डबा सरसकट सगळेच हप्ते फुगवतो.

दुसरा पर्याय, रीमॅप. ईसीयूतली फाइल वाचायची, बदलायची, चेकसम दुरुस्त करायचा आणि परत लिहायची. फाइल उघडली की आत दिसतात टेबलं. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला अॅक्सिलरेटर किती दाबलाय किंवा हवा किती आली, आणि मधल्या चौकटीत आकडा. मधली किंमत हवी असेल तर इंटरपोलेशन. बस. मोटारीच्या जादूचं रहस्य म्हणजे एक्सेल निघालं! पाय किती दाबला तर किती टॉर्क मागायचा याचं एक टेबल, टर्बोने किती दाब द्यायचा याचं एक, टॉर्कची कमाल मर्यादा सांगणारं एक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, धुराची मर्यादा : इतकी हवा असेल तर जास्तीत जास्त इतकंच डिझेल. चांगला ट्यूनर ही टेबलं एकमेकांशी जुळवून बदलतो. वाईट ट्यूनर दोन-तीन टेबलांना वीस टक्क्यांनी गुणतो आणि 'स्टेज वन' असं नाव देतो.

तिसरा पर्याय, स्टँडअलोन. कंपनीचा ईसीयू काढून फेकायचा आणि स्वतःचा बसवायचा. रेसिंगच्या पेट्रोल गाड्यांत हे चालतं. मेगास्क्वर्ट नावाचं एक किट तर २००१ पासून हौशी लोक स्वतः सोल्डर करून बसवतायत, आणि ते बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पण रस्त्यावरच्या कॉमन रेल डिझेलला, ज्याचा इमोबिलायझरसुद्धा ईसीयूवर अवलंबून आहे, हे करणं म्हणजे घराचा फ्यूज उडाला म्हणून महावितरण नव्याने उभारणं. टॅब बंद.

मी डबा घेतला. कारण तो काढता येतो. रोलबॅक सोपा म्हणजे धोका कमी, असं आमच्या धंद्यात शिकवतात. कुठल्या कंपनीचा ते सोडून द्या, दोष त्यांचा नाहीच.

शिमग्याची चाचणी

मार्चमध्ये शिमग्याला घरी गेलो. सॅकमध्ये आईसाठी औषधं आणि तळाशी डबा. अंगणात आंब्याखाली बॉनेट उघडून बसवला. बाबा पायरीवर बसून बघत होते, काही बोलले नाहीत. नंतर फक्त विचारलं, "ह्यो काय करता?"

"ताकद वाढवतो, बाबा."

"खंयसून आणता ती?"

कुठून आणतो ती! मी हसलो. तीन दिवसांनी कळलं की सगळ्या फेब्रुवारीत कोणी विचारलेला हा एकमेव शहाणा प्रश्न होता.

कणकवली ते कुडाळ हायवे आता चौपदरी आहे. तिथे चौथ्या गिअरमध्ये ऐंशीच्या पुढे पाय दाबला आणि काय सांगू... गाडी अशी निघाली की मी एकटाच गाडीत मोठ्याने हसलो. आता ते लाजिरवाणं कारण सांगतो. हा डबा बाबांसाठी नव्हता. गेली सहा वर्षं मला टर्बो गाडी ट्यून करायची होती, आणि स्वतःकडे होती कंपनीच्या बसचा पास. बाबांचं वळण हे मला मिळालेलं निमित्त होतं.

दुसऱ्या दिवशी आईची तारीख होती. बाबांना मीच आग्रह करून स्टिअरिंगवर बसवलं. आई मागे, मी बाजूला. भुईबावडा सुरू झाला. तेच वळण आलं. बाबांनी दुसरा टाकला, पाय दिला... आणि गाडी तशीच दबली. अगदी तशीच. फक्त या वेळी आरशात मागे काळा धूर दिसला. बाबांनी शांतपणे क्लच दाबला, पहिला टाकला, गाडी काढली. वर गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "बघलंस? पायच."

मला तो चहा गेला नाही.

लॉग काय सांगतो

परतताना मी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मोजलं. ओबीडी सॉकेटमध्ये लावायचा एक स्वस्त ब्लूटूथ डोंगल माझ्याकडे होता. पुढचे दोन दिवस डबा काढून त्याच चढावर गाडी नेली, एकदा बाबांनी चालवली, एकदा मी. आरपीएम, वेग आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, तिन्हींचा लॉग फोनवर घेतला.

रात्री ओसरीवर लॅपटॉप उघडून आलेख काढला. वळणावर बाबांचं इंजिन ११०० आरपीएमला होतं आणि हवेचा दाब १०४ किलोपास्कल. बाहेरची हवाच सुमारे शंभर असते. म्हणजे टर्बो झोपलेला. माझ्या फेरीत त्याच वळणावर पहिला गिअर, २१०० आरपीएम, आणि दाब जवळजवळ दुप्पट.

हवाच नाही, तर जास्तीचं डिझेल जाळणार कशात? ते जळत नाही, धूर होऊन बाहेर जातं. हवा जास्त असते तिथे, म्हणजे हायवेवर, डब्याने गंमत केली. हवा नव्हती तिथे त्याने काजळी केली. ताकद 'खंयसून आणता' या प्रश्नाचं उत्तर आलेखावर लिहिलेलं होतं : हवेतून. आणि हवा डब्याच्या हातात नव्हती.

रीमॅपने तरी झालं असतं का? म्हणून एका ट्यूनरला फोन केला. माणूस प्रामाणिक निघाला. पीएस किती हवेत हे त्याने विचारलंच नाही. विचारलं, "काका गिअर कितीला बदलतात?" मी म्हटलं, पंधराशेला. तो म्हणाला, "मग माझे पैसे घेऊ नका. म्हणजे मला देऊ नका :-) अठराशेच्या खाली या टर्बोतून मी फार काही काढू शकत नाही. पॅडलचं टेबल बदलून गाडी चपळ वाटेल, पण ते वाटणं असतं. शिवाय डिझेलला हवेपेक्षा इंधन जास्त झालं की धूर तापतो, आणि आधी टर्बो मरतो. क्लच किती जुना आहे?" क्लच मूळचा होता. १९० च्या हिशेबाने बनवलेल्या बारा वर्षांच्या क्लचवर आणखी टॉर्क टाकला असता तर तो एखाद्या वळणावरच घसरला असता.

आता प्रश्न उरला, एकतीस वर्षं घाट चालवलेला माणूस ११०० आरपीएमला वळण का घेतो? उत्तर डोळ्यासमोर होतं. एसटीची टाटा किंवा लेलँड. साडेपाच लिटरच्या पुढचं इंजिन, टॉर्क तळातच. तिथे कमी आरपीएमला, वरचा गिअर टाकून, इंजिनाला न रडवता गाडी ओढणं हेच कौशल्य, आणि त्यातच डिझेलची बचत. बाबा उत्तमच चालवत होते. फक्त ते बस चालवत होते.

पण हे सांगणार कोण? मी, ज्याला लायसन्सच्या परीक्षेत रिव्हर्सला दोनदा नापास केलं होतं?

वारो

मी काही समजावलं नाही. लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. दोन रेषा, एक निळी, एक लाल. "ही तुमची, ही माझी. ही रेष म्हणजे हवा."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पाच मिनिटं बघत होते. मग आलेखावर बोट ठेवलं, जिथे निळी रेष सपाट होती. "म्हणजे हय वारोच नाय."

"नाय."

"आणि तू वारो भरून घेऊन मगे वळवलंस."

बाबांचं लहानपण किनाऱ्यावर गेलेलं. शिडात वारा नसताना होडी वळवायला गेलं की ती जागच्या जागी डुलत राहते, हे त्यांना एसटीच्या आधीपासून माहीत होतं. मी दोन महिने ज्याला टर्बो लॅग म्हणत होतो त्याला त्यांनी दोन सेकंदांत नाव दिलं. मग जरा वेळाने, आलेखाकडेच बघत, म्हणाले, "तर पाय नाय मंद."

आई आतून म्हणाली, "माका कधीच म्हायत हुता."

सकाळी उठून बघतो तर खिळ्यावर किल्ली नव्हती.

शेवटी काय केलं

डबा काढला तो कायमचा. तसाही तो आमच्याकडे फार टिकला असता असं वाटत नाही. खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, आणि इंजिनाच्या सर्वात महत्त्वाच्या सेन्सरच्या वायरमध्ये आणखी दोन जोड घालणं म्हणजे गंजाला आमंत्रण. वाचलेल्या पैशांतून एअर फिल्टर बदलला, टर्बोपासून इंजिनापर्यंतचे पाइप तपासून एक तेलकट झालेला पाइप आणि क्लिप बदलली, ईजीआर व्हॉल्व्ह साफ केला, क्लच नवा टाकला. गाडी ट्यून करण्याआधी गाडी मुळात कंपनीने दिली तशी तरी आहे का हे बघावं, हा नियम कोणत्याही जाहिरातीत नसतो.

तुमच्यापैकी कोणाला करायचंच असेल तर (आणि मी तुम्हाला थांबवणार नाही, मला तो हायवे आठवतो) माझ्या टिपणवहीतली यादी अशी आहे :

१. आधी लॉग घ्या. ताकद कुठल्या आरपीएमला कमी पडतेय ते आकड्यात लिहा. 'पिकअप नाय' ही बग रिपोर्ट नव्हे.

२. कमतरता हवेची आहे की इंधनाची, ते ठरवा. हवेची असेल तर फाइल बदलून फारसं हाती लागत नाही.

३. डबा की रीमॅप यात पडायचंच तर रीमॅप, पण मूळ फाइलची प्रत स्वतःकडे घेऊन. जो ट्यूनर ती देत नाही, त्याला गाडी देऊ नका. बॅकअप नसताना प्रॉडक्शनमध्ये हात घालणाऱ्याला आपण ऑफिसात काय म्हणतो ते आठवा.

४. धुराची मर्यादा काढून टाकणारा, किंवा बीएस-६ डिझेलचा डीपीएफ फिल्टर 'डिलीट' करून देतो म्हणणारा दिसला की उठून या. २०१५ साली फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीला आलं, ते गाडीच्या सॉफ्टवेअरला चाचणीपुरतं सज्जन व्हायला शिकवल्याचंच होतं. आपल्या गल्लीतला धूर आपल्याच आईवडिलांच्या नाकात जातो.

५. विमा कंपनीला बदल कळवा. अपघातानंतर कळवण्यात अर्थ नसतो.

६. आणि हे सगळ्यात वर असायला हवं होतं : गाडी कोण चालवणार आहे? ट्यूनिंग त्याच्यासाठी करा. त्याला काय हवंय ते त्याला विचारा, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नावर हसू नका.

२०२५ मध्ये करूळ घाट परत सुरू झाला. चकाचक काँक्रीट, रुंद वळणं. आता भुईबावड्याची गरज उरली नाही. तरी गेल्या महिन्यात आईच्या इंजेक्शनला जाताना बाबा मुद्दाम भुईबावड्यातून गेले. वर पोचल्यावर गगनबावड्याच्या टपरीवरून फोन केला.

"वारो भरून घेतलंय," म्हणाले. "एकदाव दबली नाय."

"आई काय करतेय?"

"डोळे मिटून बसली हा. माझ्यावर इस्वास नाय तिचो."

मागून आईचा आवाज आला, की डोळ्यात औषध घातलंय म्हणून मिटलेत.

डबा अजून माझ्या कपाटात आहे. विकायला काढलेला नाही. स्वतःची गाडी घेईन तेव्हा बघू... आधी लॉग घेऊन.